धरण स्वतःचं, मग झाडू ठेकेदाराचा का?

नवी मुंबईतल्या साफसफाईच्या ठेक्याचा विषय निघाला की नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर लागतो: माणसं कायम केली की कामं बंद पडणार, त्यापेक्षा ठेकेदार बरा. मी पूर्व लंडनमध्ये राहतो आणि मला हे अजिबात पटत नाही.

इथल्या टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलने, म्हणजे आमच्या भागाच्या पालिकेने, 1 एप्रिल 2020 पासून कचरा उचलण्याचं काम व्हिओलिया या खासगी कंपनीकडून काढून स्वतःकडे घेतलं. लंडनमधल्याच इझलिंग्टन कौन्सिलने तेच 2013 मध्ये केलं होतं. याच देशाने 1988 च्या कायद्याने कौन्सिलांना ही कामं निविदेत उतरवायला लावली होती!

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये इथल्या कामगारांनी संप केला, फुटपाथवर कचऱ्याच्या पिशव्यांचे ढीग साचले. बर्मिंगहॅममध्ये तर 2025 मध्ये कौन्सिलच्याच कामगारांचा संप महिनोन्‌महिने चालला. पण जाब कोणाला विचारायचा, हे लोकांना माहीत होतं: ज्यांना मत दिलं त्यांना. आपल्याकडे घंटागाडी आली नाही की विभाग कार्यालय ठेकेदाराकडे बोट दाखवतं आणि ठेकेदार थकलेल्या बिलाकडे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इथला 2006 चा नियम. काम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं की कामगारही त्याच पगारावर, त्याच अटींवर, आधीची सगळी वर्षं धरून सोबत जातो. आपल्याकडे ठेका बदलला की जॅकेटच्या पाठीवरचं नाव बदलतं. झाडणारी बाई तीच, रस्ता तोच, बहुधा मुकादमही तोच. नोकरी मात्र कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून. मग तिने ग्रॅच्युइटी मागायची कोणाकडे? मुंबईतल्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं, तेव्हा कुठे 2017 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आणि नवी मुंबई महापालिकेला झेपणार नाही म्हणणाऱ्यांनो, शहराला पाणी पुरवणारं मोरबे धरण कोणाचं आहे? राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडून ते विकत घेण्याची हिंमत याच महापालिकेने दाखवली. धरण चालवता येतं आणि घंटागाडी चालवता येत नाही?

पुढची निविदा काढण्याआधी आठपैकी एक विभाग, बेलापूर घ्या हवं तर, स्वतःच्या गाड्या आणि स्वतःची माणसं लावून वर्षभर चालवा. मग त्याचा आणि शेजारच्या नेरूळ विभागाचा खर्च, ठेकेदाराच्या नफ्यासकट, एकाच पानावर छापून लोकांपुढे ठेवा.