फेलोशिप एक तारखेला द्या

संशोधनाच्या निधीचा विषय निघाला की आधी जीडीपीची टक्केवारी निघते. निघायलाच हवी. आपण ०.६४ टक्क्यावर अडकलोय, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या घरात आहे. पण मला आज बोलायचंय ते मंजूर होऊनही वेळेवर न पोचणाऱ्या पैशाबद्दल.

२०२३ मध्ये जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, महिन्याला ३१ हजारांवरून ३७ हजार झाली. चांगलंच झालं. पण घरमालक मंजुरीपत्रावर थांबत नाही. पुण्यात पाषाण-सूस रोडला तिघं-चौघं मिळून वन बीएचके घेतात; डिपॉझिट आधी, मेसचे पैसेही आगाऊ. आणि फेलोशिप कधी कधी चार-चार महिने नाही! माझ्याकडे लातूरकडची एक मुलगी पीएचडी करते. तिच्या डब्यात सकाळ-दुपार नुसते पोहे दिसायला लागले, तेव्हा कळलं की तिनं मेस बंद केलीय. खोलीचं भाडं वडिलांनी सोयाबीन विकून पाठवलं होतं. तिनं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मला त्या दिवशी फार राग आला, अजून आहे.

उपकरणांचं वेगळंच. जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांची जीएसटीतली सवलत गेली, ५ टक्क्यांचे १८ झाले. सरकारच्याच अनुदानातून सरकारलाच कर.

आता राजकारण. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, त्यातले ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, मुख्यतः उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. उद्योगांनी जरूर द्यावेत. पण नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला कोणत्या कारखानदारानं पैसे दिले असते? विश्वातल्या हायड्रोजनचा क्षीण संदेश ऐकून कुणाचा नफा वाढत नाही. तिथं सरकारनंच पैसा घातला, म्हणून आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथं निरीक्षणासाठी वेळ मागतात. मूलभूत विज्ञानाची जबाबदारी सरकारचीच, मग सत्तेत कोणताही पक्ष असो.

माझा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. त्याच प्रयोगशाळेत रात्री बारापर्यंत राबणाऱ्या पोरांना ही खात्री का नसावी? पुणेकरांनो, खासदार भेटले की मेट्रो आणि पाण्याबरोबर हेही विचारा: फेलोशिपला उशीर झाला तर व्याजासकट देण्याची तरतूद कधी करणार?