सेगरची ती पेनल्टी आणि अर्धवट हिशेब

टोकियो ऑलिंपिकचा विषय निघाला की एक मजकूर हटकून फिरतो: ‘महिला फुटबॉलच्या अंतिम सामन्यात स्वीडनची कर्णधार कॅरोलिन सेगरने शेवटची पेनल्टी वाया घालवली म्हणून स्वीडनचं सुवर्ण गेलं. मोठ्या क्षणी ती कच खाते. २४० सामन्यांत फक्त ३२ गोल. आणि जिंकलं काय? काहीच नाही.’

मुळात ती पेनल्टी शेवटची नव्हतीच. ६ ऑगस्ट २०२१, योकोहामा, समोर कॅनडा. ब्लॅकस्टेनियसच्या गोलने स्वीडन पुढे, मग ६७व्या मिनिटाला कॅनडाच्या जेसी फ्लेमिंगची पेनल्टी, १-१, जादा वेळेतही कोंडी. मग शूटआउट, म्हणजे आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी; पहिला फटका स्वीडनचा. अस्लानीचा चेंडू खांबावर, ब्योर्न आणि शाऊ यांचे गोल, आन्वेगोर्दचा फटका कॅनडाची गोलरक्षक लाबेने अडवला. कॅनडाचा तोवर एकच गोल, म्हणजे स्वीडन २-१ पुढे. पाचवी सेगर. ती मारती तर ३-१ आणि कॅनडाचा एकच फटका शिल्लक, सुवर्ण तिथेच नक्की. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला. ही चूक मोठी, यात दुमत नाही. पण लगेच कॅनडाच्या डीअ‍ॅन रोझने बरोबरी साधली, सहाव्या फटक्यावर योना अँडरसनला लाबेने रोखलं आणि कॅनडाच्या ग्रोसोने सामना संपवला. स्वीडनचे सहापैकी चार फटके फुकट गेले. चौघींचं खापर एकीच्या माथी, कारण दंडावर कर्णधाराची पट्टी तिच्या होती.

‘कच खाते’ म्हणणाऱ्यांनी पाच वर्षं मागे जावं. रिओ २०१६, उपांत्यपूर्व फेरी, समोर अमेरिका: स्वीडनचा चौथा फटका सेगरचा, गोल. उपांत्य फेरी, समोर यजमान ब्राझील, तेही त्यांच्या मॅराकाना मैदानावर: तिसरा फटका सेगरचा, गोल. दोन्ही शूटआउट स्वीडनने ४-३ ने जिंकले. यातला एक फटका जरी चुकता तरी रिओचं रौप्य धोक्यात होतं.

गोलांचा मुद्दा तर तिची मैदानावरची जागाच न बघता काढलेला. टोकियोत प्रशिक्षक गेरहार्डसनच्या ४-२-३-१ रचनेत सेगर आणि आंगेलडाल बचावफळीच्या पुढे, अस्लानी त्यांच्याही पुढे. फुल-बॅक (बचावफळीच्या कडेच्या खेळाडू) वर धावल्या की मागे राहायचं, हवेतून खाली पडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याआधी गाठायचा, चेंडू पायात येण्याआधी मान वळवून पाठीमागे कोण आहे ते बघून ठेवायचं. या कामाची नोंद गोलफलकावर होत नाही. अशा जागेवरून ३२ गोल कमी कसे, ते मजकूर लिहिणाऱ्यांनी सांगावं.

‘काहीच नाही’ हे सगळ्यांत हास्यास्पद. लिन्शोपिंग क्लबसोबत २००९ ची स्वीडिश लीग, त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा ‘डायमंटबॉलेन’. वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशसोबत २०११ ची अमेरिकन लीग, त्युरेसोसोबत २०१२ ची स्वीडिश लीग, रोसेनगोर्दसोबत २०१९, २०२१ आणि २०२२ ची स्वीडिश लीग. फ्रान्सच्या ल्योन क्लबच्या २०१६-१७ च्या तिहेरी यशाच्या (लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग) हंगामात ती संघात होती. देशासाठी दोन ऑलिंपिक रौप्यं, शिवाय २०११, २०१९ आणि २०२३ च्या विश्वचषकांत कांस्य.

युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे दोन अंतिम सामने तिच्या संघांनी गमावले हे खरं. २०१४ ला लिस्बनमध्ये त्युरेसो २-० पुढे असूनही वोल्फ्सबर्गकडून ३-४ ने हरला, २०१५ ला तिचा पुढचा क्लब, पॅरिसचा पीएसजी, फ्रँकफर्टकडून १-२ ने. त्यातला त्युरेसो तर त्याच हंगामात पैशाअभावी लीगमधूनच बाहेर पडला. तेही सेगरच्या खात्यात टाकायचं का?