०.०० म्हणजे सगळं कळलं असं नाही

नमस्कार, माझ्या बुद्धिबळाच्या डावावरच्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं की माझ्यासारख्या १५०० रेटिंगवाल्या हौशी खेळाडूने स्वतःच्या डावांवर पानंच्या पानं कशाला लिहायची, स्टॉकफिशला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-इंजिनला, डाव टाकला की दोन मिनिटांत सगळं कळतं, आणि एंडगेमच्या (डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या) लेक्चरला पैसे घालण्यापेक्षा युट्युबवर गुकेशचे डाव बघावेत. ओपनिंगपुरतं मान्य, तिथे मीही इंजिनलाच विचारतो. बाकीचं मात्र अजिबात पटलं नाही.

ज्या डावावरून तुम्ही हे लिहिलंत तोच घ्या ना. हत्तींचा एंडगेम, मी पांढरा, माझं एक प्यादं जास्त, समोर शाळकरी मुलगी. तिने हत्ती आणून सहाव्या रांगेत ठेवला आणि नुसता तिथल्या तिथे आडवा सरकवत राहिली, माझ्या राजाला पुढे घुसताच येईना, शेवटी प्यादं सहाव्या रांगेत ढकललं तर तिचा हत्ती तडक खाली पहिल्या रांगेत आणि तिथून मागून शहावर शह, राजाला आडोसा घ्यायचं जे घर होतं तिथे आता माझंच प्यादं बसलेलं. ड्रॉ. ही १८व्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूची पद्धत. इंजिन इथे डझनभर खेळींपुढे ०.००, म्हणजे बरोबरी, दाखवेल, पण त्यातली कुठली वाट माणसाला सोपी आणि कुठल्या वाटेवर पुढे एकच खेळी वाचवते हे त्या आकड्यात कुठे दिसतं? तिला विचारलं तर म्हणाली, सरांनी पटावर मांडून पुन्हा पुन्हा खेळायला लावलं होतं. लेक्चरचे पैसे यासाठी.

आणि गुकेशचं म्हणाल तर १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, डिंग लिरेनविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला १४वा डाव. ५५व्या खेळीपर्यंत इंजिन तिथेही ड्रॉच म्हणत होतं. डिंगने हत्ती एफ२वर आणला, हत्ती बदलले गेले, आणि डिंगचा उंट ए८च्या कोपऱ्यात असल्यामुळे गुकेशने डी५वर उंट समोर आणल्यावर त्याला पळायला घरच उरलं नाही, तोही बदलला, राहिले राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचं एक जास्त. खेळ खल्लास. घरी इंजिन लावून बसलेल्यांना चूक क्षणात दिसली, पण उंट आधीच कोपऱ्यात अडकला होता ही खरी गोष्ट पट मांडून मागे गेल्याशिवाय लक्षात येत नाही.

म्हणून मी आधी स्कोअरशीटवरून डाव पुन्हा लावतो, कुठे काय विचार केला, कुठे वेळ खाल्ला ते लिहितो आणि मगच इंजिन उघडतो. रेटिंग १५०० आहे म्हणून तर हे जास्तच गरजेचं आहे. तुम्हीही खेळता असं लिहिलंय, एखादा हत्तींचा एंडगेम पाठवा की, फक्त इंजिन लावायच्या आधी.