५००० बॅकलिंक आणि पहिलं पान: या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

"मावशी, हे खरं आहे का गं?" असं भाचीने पैसे भरण्याआधी विचारलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. तिने विचारलं पैसे भरून झाल्यावर.

मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. वर रॉकेटचं चित्र, 'गुगलचं गुपित', आणि खाली पाच मुद्दे. गुगल फक्त बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) मोजतं, ५००० झाल्या की ३० दिवसांत शोधाच्या निकालांत पहिलं पान. डोमेन ऑथॉरिटी ६० च्या वर असलेल्या साइटची लिंक म्हणजे सोनं. 'डॉट एज्यु', म्हणजे विद्यापीठांच्या साइटच्या लिंकला दहापट वजन. मजकूर काय, कुणीही लिहितं. आणि शेवटी, प्रतिस्पर्धी घाणेरड्या लिंक जोडून तुम्हाला बुडवतील, म्हणून दरमहा 'लिंक सफाई' करून घ्या. ती अर्थातच त्यांच्याकडूनच.

भाची जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीवर लिहिते. अडकलेलं शटर कसं सोडवायचं यावरचा तिचा लेख खरोखर चांगला आहे. प्रत्येक स्क्रू कुठल्या क्रमाने काढायचा त्याचे फोटो तिने स्वतः काढलेत. तो शोधात चौथ्या पानावर राहतो म्हणून बिचारी वैतागली आणि ५००० लिंकचं पॅकेज विकत घेऊन या जाळ्यात सापडली.

पहिल्या मुद्द्यावरच मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नुकसान तोच करतो. विकणाऱ्याने 'रिपोर्ट' म्हणून ५००० ओळींची शीट दिली होती. मी मधलीच एक ओळ उघडली. मासेमारीवरचा कुठलातरी जुनाट लेख, मालक बहुधा विसरून गेलेला. खाली कॉमेंटचा ढीग: कर्ज, कॅसिनो, वजन घटवायच्या गोळ्या, आणि त्यांच्या मधोमध 'छान माहिती, धन्यवाद' म्हणत आमची भाची. नावाच्या जागी 'बेस्ट कॅमेरा रिपेअर गाइड', त्यावर तिच्या साइटची लिंक. दुसरी ओळ उघडली, तर तेच वाक्य, तेच नाव, फक्त साइट बागकामाची. तिसरं पान उघडलंच नाही. पाच हजार अनोळखी माणसं एखाद्याबद्दल स्वतःहून लिहितात तेव्हा सगळी शब्दशः तेच चार शब्द वापरत नाहीत. हे मला कळतं तर यंत्राला कळणार नाही?

आता गणित. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना पानांचं महत्त्व ठरवायची पेजरँक ही जी पद्धत मांडली, तिच्यातही लिंकची नुसती मोजणी नव्हती. लिंक देणाऱ्या पानाचं स्वतःचं वजन किती, ते बघायचं, आणि त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंक जितक्या, तितक्यांत ते वाटायचं. म्हणजे ज्या पानाला कुणी विचारत नाही आणि ज्याच्यावरून हजार लिंक बाहेर पडतात, त्याच्याकडून मिळणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! अशी पाच हजार पोहरी आणा, घागर काही भरत नाही. ही झाली सुरुवातीची गोष्ट. पुढे गुगलने त्यावर किती थर चढवले ते वेगळंच.

शिवाय त्या मासेमारीच्या पानाचा सोर्स उघडून पाहिला, तर प्रत्येक कॉमेंटच्या लिंकमागे 'नोफॉलो' लिहिलेलं, म्हणजे 'ही लिंक मोजू नका' अशी सर्च इंजिनसाठीची खूण. कॉमेंटमधल्या याच कचऱ्याला कंटाळून गुगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्ये ही खूण आणली. २०१९ मध्ये गुगलने 'आम्ही ही खूण आता आदेश नाही, इशारा समजू' असं जाहीर केलं, ते धरून कुणीतरी वाद घालेलच. घालू द्या. इशारा कचऱ्याकडेच बोट दाखवतोय.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी गुगलचं स्वतःचं स्पॅम धोरण सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणीही वाचावं. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं, यंत्राने लिंक तयार करणं, फोरमच्या कॉमेंटमध्ये नेमके शब्द कोंबून लिंक टाकणं, हे तिथे लिंक स्पॅमची उदाहरणं म्हणून दिलंय. भाचीला विकलेलं पॅकेज म्हणजे जवळपास ती यादीच, वर किंमत लावून.

आता कबूल करायचं ते करते. लिंकना अर्थ आहे. गुगल उभंच त्यावर राहिलं, आणि नवं पान गुगलला सापडतं तेही बऱ्याचदा लिंकवरूनच. विकतच्या लिंक काही काळ चालतात हेही खरं. जेसीपेनी या अमेरिकी दुकानसाखळीला अशाच लिंकनी सुट्ट्यांच्या हंगामात कित्येक महिने वर ठेवलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं आणि ती साइट धाडकन खाली आली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये अशा बनावट लिंक पकडणारं गुगलचं पेंग्विन अपडेट आलं. मेसेज लिहिणारा तिथेच कुठेतरी थांबलाय.

डोमेन ऑथॉरिटी हा साइटचा जोर अंदाजाने सांगणारा मॉझ नावाच्या कंपनीचा आकडा. गुगल तो वापरत नाही, असं मॉझच सांगते. पुढे.

'डॉट एज्यु'ला वेगळं वजन नाही. जुन्या विद्यापीठांच्या पानांना जगभरातून लिंक असतात, म्हणून त्यांची लिंक मोलाची ठरते, शेपटामुळे नाही. विकणारे देतात ती कुणा विद्यार्थ्याच्या ओस पडलेल्या प्रोफाइलवरची.

मजकुराबद्दल एवढंच, की शोधात वर येण्याच्या पहिल्या तीन घटकांत लिंक आता नाहीत, असं गुगलच्याच सर्च टीममधल्या माणसाने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

पाचवा मुद्दा मात्र डोक्यात गेला. आधी घाण टाकायची, मग झाडूचे पैसे मागायचे! सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन अशा लिंक बहुतेक वेळा नुसत्या निकामी करतं, साइटला शिक्षा करत बसत नाही. कुणीतरी परस्पर टाकलेल्या कचऱ्यासाठी सहसा काहीच करावं लागत नाही. लिंक आपणच विकत घेतल्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, येऊ शकते. तेव्हा आधी त्या काढून टाकायला सांगायचं, आणि ज्या निघत नाहीत त्यांची डिसअव्हाऊ फाइल, म्हणजे 'या लिंक धरू नका' अशी यादी, गुगलला द्यायची. साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीवर एक डोमेन, आणि ती फुकट भरता येते.

भाचीच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन) 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडलं, तिथे अजून काही नाही. खाली लिंकच्या रिपोर्टमध्ये मात्र एक नाव वेगळं दिसलं: जुने कॅमेरे जमवणाऱ्या कुणीतरी तिच्या शटरच्या लेखाला लिंक दिली होती, सोबत लिहिलं होतं, 'तिसरा फोटो नीट बघा, माझं तिथेच चुकत होतं.' ही लिंक शीटमध्ये नव्हती. विक्रेत्याला काढायला सांगितलंय, उत्तर नाही. काल रात्री आम्ही दोघी डोमेनची यादी करायला बसलो, सातशेव्या ओळीपर्यंत आलोय.