मॅकबेथ खुनी आहे, मान्य. पण अँटी-हिरो?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. झोपलेल्या डंकन राजाचा खून करणाऱ्या शेक्सपिअरच्या मॅकबेथला मी शोकांतिकेचा नायक म्हटलं आणि कुणाचं काही वाईट न केलेल्या, नेमाडेंच्या 'कोसला' कादंबरीतल्या पांडुरंग सांगवीकरला 'प्रतिनायक', हा तुमच्या मते उलटा न्याय झाला.

थोडी चूक माझी. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा वैरी, रामापुढचा रावण. सांगवीकर कुणाचा वैरी? तेव्हा तो शब्द मागे घेतो, सरळ अँटी-हिरो म्हणू या, म्हणजे नायकाचे नेहमीचे गुण नसलेला मुख्य माणूस.

मुद्दा मात्र सोडत नाही. ही नावं पापपुण्य मोजून द्यायची नसतात. खुनाआधी मॅकबेथ स्वतःच हिशेब मांडतो: डंकन माझा नातलग, माझा राजा, त्यात आज माझ्या घरी पाहुणा. सगळं कळून करतो. आणि बाहेर आल्यावर बायकोला काय सांगतो? आत कुणीतरी देवाचं नाव घेतलं, मला 'आमेन' म्हणायचं होतं, शब्द घशातच अडकला. हात रक्तानं माखलेत आणि हा बाबा आमेन धरून बसलाय! बायको म्हणते, एवढा विचार करू नकोस. माझ्या लेखी तो इथेच शोकनायक ठरतो. जे मोडलं त्याचा धाक त्याच्या मनातून गेलेला नाही. पुढे म्हातारपणी मान, प्रेम, मित्र यांतलं काहीच आपल्या वाट्याला नाही, हेही तोच बोलून दाखवतो.

सांगवीकरकडे मोडण्यासारखं असं काही पवित्र उरलेलंच नाही. 'कोसला' (१९६३) उघडा: हा माणूस स्वतःचं वय सांगतानाही 'उदाहरणार्थ' म्हणतो. जो आपल्या वयावरही ठाम नाही, तो कोसळणार कुठून? पुण्यात वडिलांचे पैसे उडवून तो गावी परततो, एवढंच. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मरणाची पानं मात्र माझी व्याख्या डळमळीत करतात, हे कबूल.

राहिला तुम्ही पुढे केलेला सखाराम बाइंडर, तेंडुलकरांच्या नाटकातला. बायकांना घरात ठेवायचे नियम त्यानं स्वतःच केलेले, वर त्यांची फुशारकी. बराच वेळ तो पक्का अँटी-हिरो आहे. पण घरात ठेवलेल्या चंपाचा गळा दाबल्यावर तो नुसता थिजून उभा राहतो. देवाचं नाव तिथेही निघतं, ते घरातल्या दुसऱ्या बाईच्या, लक्ष्मीच्या तोंडून, आणि खड्डाही तीच खणायला घेते.