दोघांच्या भांडणात माझा संगणक

सांगलीत मी गेली सोळा वर्षे करसल्लागार म्हणून काम करतो आहे, आणि महिन्याची २० तारीख म्हणजे काय चीज असते हे या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे विवरणपत्र, भरण्याची ती शेवटची तारीख. तिच्या सहा दिवस आधी, १४ तारखेच्या संध्याकाळी, एका पार्टीच्या आग्रहाखातर मी माझ्या संगणकावर एक व्हीपीएन सॉफ्टवेअर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या नेटवर्कात शिरण्याची कुलूपबंद वाट, टाकून घेतले. कारण त्यांचे हिशेब त्यांच्याच सर्व्हरवर असतात आणि तिथवर पोचण्याचे बाकीचे सगळे रस्ते त्यांनी बंद करून टाकले होते. इन्स्टॉल व्हायला तीन मिनिटे लागली. ते निस्तरायला आठ दिवस लागले.

त्याच रात्री विक्रीच्या नोंदी तपासत असताना पडदा निळा झाला. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, या निळ्या पडद्यावर कंसाचे एक दुःखी तोंड असते, आणि माझ्या जतन न केलेल्या कामाची वाट लागलेली असताना त्या तोंडाने माझ्या वतीने वाईट वाटून घ्यावे ही कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा आमच्या कार्यालयात २० तारखेला बसवले पाहिजे. खाली बारीक अक्षरांत ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे काहीतरी लिहिलेले होते. ते कागदावर उतरवून घेण्याआधीच संगणक आपला आपण पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी हाच प्रकार अकरा वेळा घडला: कधी वीस मिनिटांनी, कधी तासाने, आणि नेमका पोर्टलवर फाइल चढवत असताना तर हमखास.

आधी दुकानदाराकडे गेलो. त्याने रॅम काढली, खोडरबराने घासली, परत बसवली आणि पाचशे रुपये घेतले. घरी आल्यावर अर्ध्या तासात निळा पडदा. पुन्हा गेलो तर म्हणाला, फॉरमॅट मारून टाकू. आमच्याकडे फॉरमॅट हा सर्व रोगांवरचा एकच काढा आहे. पण फॉरमॅट मारल्यावर टॅली, त्याचा सगळा डेटा, मराठी फॉन्ट, प्रिंटर आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम, हे सगळे पुन्हा बसवायला माझे दोन दिवस जातात, ते कोण देणार? शिवाय त्या पार्टीचे व्हीपीएन पुन्हा टाकावेच लागणार होते, म्हणजे पुन्हा मूळ पदावर.

मग व्हीपीएनच्या कंपनीला फोन केला. पस्तीस मिनिटे संगीत ऐकवल्यावर एका मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले की दोष अँटीव्हायरसचा आहे, सर, तुम्ही त्या कंपनीशी बोला. त्या कंपनीशी बोललो. तिथल्या मुलीने त्याहून नम्रपणे सांगितले की आमचे उत्पादन वर्षभर तुमच्याकडे विनातक्रार चालत होते ना, मग जे नवीन आले त्यांना विचारा. हे तर्काला धरून होते, म्हणून मी पुन्हा पहिल्या कंपनीला फोन केला. तिथे आता दुसराच मुलगा होता, त्याने सगळी हकिकत पहिल्यापासून विचारली आणि शेवटी संगणक बंद करून चालू करण्यास सांगितले. जो संगणक दिवसातून अकरा वेळा स्वतःच बंद होऊन चालू होतो आहे, तो!

शेवटी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला साकडे घातले. तो म्हणाला, ‘‘मामा, विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचा फोल्डर असेल, त्यातल्या सगळ्या फाइली मला पाठवा.’’ प्रत्येक वेळी संगणक कोसळताना तिथे एक छोटी नोंद मागे राहते, हे ना दुकानदाराने सांगितले होते ना दोन्ही कंपन्यांनी. एकाही कंपनीने ती मागितली नाही. भाच्याने रात्री बसून त्या उघडल्या. बहुतेक नोंदींत नेटआयओ.सिस या फाइलचे नाव होते, आणि ती फाइल खुद्द विंडोजची असते. म्हणजे मारामारी दोघांची आणि पोलिसांच्या वहीत नाव घरमालकाचे! एका नोंदीत मात्र व्हीपीएनच्या ड्रायव्हरचे नाव स्पष्ट सापडले.

त्याने समजावले ते असे. साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. पण अँटीव्हायरस आणि व्हीपीएन हे दोघेही आपापले ड्रायव्हर विंडोजच्या थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसवतात, आणि तिथे एकाला दुसऱ्यापासून वेगळे ठेवणारी भिंत नसते. इंटरनेटवरून येणारी-जाणारी प्रत्येक पुडी अँटीव्हायरस उघडून पाहतो. तीच पुडी व्हीपीएनला कुलूपबंद करून पाठवायची असते. एकाच्या हातात असलेली वस्तू दुसऱ्याने परस्पर टाकून दिली, की पहिला रिकाम्या जागी हात घालतो, आणि डेटाची आणखी नासाडी होऊ नये म्हणून विंडोज जाणूनबुजून सगळे थांबवते. निळा पडदा म्हणजे उडालेला फ्यूज. फ्यूजवर माझा राग नाही. माझा राग आहे तो घरात वायर ओढताना विचारलेल्या प्रश्नावर. ‘या ॲपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का?’ होय किंवा नाही. अहो, कोणते बदल? घड्याळाचे चित्र बदलणार आहात की गाभ्यात कायमचा मुक्काम ठोकणार आहात? दोन्हींसाठी प्रश्न एकच, आणि ‘नाही’ म्हटले तर काम अडते, म्हणून सगळे जण ‘होय’ दाबतात.

या गोष्टी कोणालाच ठाऊक नव्हत्या असे मानायला मी तयार नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या दुरुस्तीचे अपडेट काढताना काही अँटीव्हायरसमुळे संगणक निळे पडत होते, म्हणून मायक्रोसॉफ्टला ते अपडेट अडवून धरावे लागले होते: अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, सुसंगतपणाची खूण केल्याशिवाय ते मिळत नसे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले आणि आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. तिथे निदान जगभर बोंब झाली. माझ्या एकट्याच्या टेबलावर तेच घडले, तर त्याला ‘तुमच्या सिस्टिमचा इश्यू’ म्हणतात.

निदान झाले, पण उपचार करू देतील तर शपथ. सिस्टिम रिस्टोअरने मागे जावे म्हटले, तर विंडोजने ती सोय मुळात बंदच ठेवलेली, एकही रिस्टोअर पॉइंट नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू करण्याच्या पद्धतीत, जावे म्हटले, तर संगणकाने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागितली. ते कुलूप कधी लागले हे मला माहीतही नव्हते. मुलीच्या लॅपटॉपवरून माझे खाते उघडून ती किल्ली एकदाची सापडली. सेफ मोडमध्ये शिरल्यावर कळले की व्हीपीएन काढण्यासाठी लागणारी विंडोज इन्स्टॉलर ही सेवा तिथे चालतच नाही. आणि अँटीव्हायरस समूळ उपटणारे त्यांच्या कंपनीचे साधन मात्र सेफ मोडमध्येच चालवा असा त्यांचा हुकूम! नेहमीच्या पद्धतीने संगणक सुरू करून व्हीपीएन काढायला घेतले, तर काम अर्धे होते न होते तोच निळा पडदा.

युक्ती भाच्यानेच काढली. नेटची वायर उपसायची, वायफाय बंद करायचे, म्हणजे पुड्याच येणार नाहीत आणि भांडायला कारण उरणार नाही. तसे केल्यावर व्हीपीएन निघाले. ‘यशस्वीरीत्या काढले’ असा संदेशही आला. वायर जोडली आणि दहा मिनिटांत निळा पडदा! कारण सॉफ्टवेअर गेले होते पण त्याचा ड्रायव्हर नेटवर्क ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजच्या यादीत आपल्या नावापुढे बरोबरची खूण मिरवीत तसाच बसला होता. भाडेकरू घर सोडून जातो आणि जाताना आपले कुत्रे दाराशी बांधून ठेवतो, त्यातला प्रकार. ते नाव निवडून काढून टाकल्यावर संगणक जो शांत झाला तो आजपर्यंत. तोवर २१ तारीख उजाडली होती. राहिलेली सात विवरणपत्रे २२ तारखेला गेली, दिवसाला पन्नास रुपयांप्रमाणे प्रत्येकी शंभर रुपये विलंब शुल्क मी स्वतःच्या खिशातून भरले, आणि सात जणांना ‘संगणक बिघडला होता’ हे शाळकरी पोराचे निमित्त सांगितले.

त्या पार्टीला व्हीपीएन हवेच आहे, म्हणून गेल्या आठवड्यात मी त्या कंपनीची नवी आवृत्ती उतरवून घ्यायला गेलो आणि या खेपेला तिच्यासोबतची बदलांची यादी शेवटपर्यंत वाचली. तळाकडे एक ओळ होती: काही अँटीव्हायरस असलेल्या संगणकांवर अनपेक्षित रीस्टार्ट होण्याची ज्ञात समस्या दूर केली. यादीवर १६ तारीख होती. संगणक बंद करून चालू करायला मला त्यांनी सांगितले ते १७ तारखेला.