हमालाचं काम, पुस्तकातलं कार्य

2025 च्या एप्रिलपासून जूनच्या अखेरीपर्यंत गावाकडच्या प्रत्येक फोनवर एकच विषय होता, पहिलीपासून हिंदी. 16 एप्रिलचा शासन निर्णय, त्यावर उठलेलं रान आणि 29 जूनला सरकारने घेतलेली माघार. मी मराठीच्याच बाजूची होते, आजही आहे. पण नववीतल्या मुलाला विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान, कुठल्याही भाषेतलं, आपलं आपण वाचून कळतं का, हे त्या सगळ्या गदारोळात कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाने 2023 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांची पाहणी केली. त्यातल्या साधारण पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या प्रादेशिक भाषेत सलग वाचता येत नव्हता. पाहणीतल्या बहुतेक मुलांची नावं शाळा-कॉलेजच्या पटावर होती. म्हणजे ती कुणाच्या तरी वर्गात बसत होती.

काही माझ्याही वर्गात बसली असणार. सातारा जिल्ह्यात आठ वर्षं मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं. धडा मी वाचायचे, मी समजावायचे, प्रश्नोत्तरं मी फळ्यावर लिहून द्यायचे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची कारणंसुद्धा मुलं गाईडमधून पाठ करायची. एकदा एकाने विचारलं, “मॅडम, हमाल पोतं डोक्यावर घेऊन तासभर उभा राहिला, तरी कार्य शून्य?” मी म्हणाले, बल लावून वस्तू सरकली तरच कार्य, व्याख्या पाठ कर. तो इतका नेमका अडला होता, आणि मी त्याला तिथेच सोडून पुढे गेले. पोर्शन संपवायचा होता.

आता मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला शिकवते. इथेही सगळं आलबेल नाही. 2024 मध्ये इंग्लंडात प्राथमिक शाळा संपवणाऱ्या 26 टक्के मुलांनी वाचनाची अपेक्षित पातळी गाठली नव्हती. फरक आहे तो जबाबदारीचा. प्रत्येक माध्यमिक शाळेला सर्व विषयांत मिळून भाषेचं धोरण हवं, असं इथल्या सरकारने नेमलेल्या बुलक समितीने 1975 मध्येच सांगितलं होतं. 2012 पासून शिक्षकांच्या मानकांतही ते आहे: विषय कुठलाही असो, मुलांच्या लिहिण्या-वाचण्याची जबाबदारी तुमची.

माझ्या वर्गात ते असं दिसतं. धड्यातले तीन-चार शब्द आधी फोडून सांगायचे. मग मी मोठ्याने वाचते, मुलं ओळीवर पट्टी ठेवून माझ्याबरोबर येतात. शेवटी एकच वाक्य तीन प्रकारे पुरं करायचं: ‘अंधारात ठेवलेल्या पानात स्टार्च तयार होत नाही, कारण…’, मग ‘पण…’, मग ‘म्हणून…’. ‘पण’ला आल्यावर कुणाला कळलंय आणि कुणी पाठ केलंय ते लगेच दिसतं. पंधरवड्यातून एकदा एक सहकारी पंधरा मिनिटं मागे येऊन बसते आणि एकच गोष्ट सुचवते. गुण नाहीत, शेरा नाही. पुढच्या वेळी तेवढीच गोष्ट बघते. गावाकडे माझ्या लॉगबुकात ‘फलकलेखन सुधारावे’ असं लिहिलं जायचं. कसं सुधारावं हे दाखवायला कुणी आलं नाही.

आणि शब्द फोडायला मराठीइतकी सोपी भाषा नाही, असं मला इथे शिकवताना रोज वाटतं. उभयचर, अपृष्ठवंशीय, प्रकाशसंश्लेषण: अर्थ शब्दातच बसलेला असतो. इंग्रजीत त्यासाठी ग्रीक-लॅटिनपर्यंत जावं लागतं. मराठीचा इतका अभिमान बाळगणारे आपण हायस्कुलात तिचा हा उपयोग का करत नाही?

जुन्या शाळेतल्या एका सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, वाचायला शिकवणं प्राथमिकचं काम. माझ्या वर्गात 58 पोरं आहेत.” त्यांचं खोटं नव्हतं. इथे माझ्या वर्गात तीस असतात. तरी त्यांनी एका तासाला ‘कारण, पण, म्हणून’ हे तीन शब्द वापरून पाहिले आणि एका मुलीच्या वहीचा फोटो पाठवला. ‘पोतं घेऊन उभ्या हमालाचं कार्य शून्य, पण त्याने काम केलं, म्हणून तो दमला.’ माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी द्यायला हवं होतं ते उत्तर हेच.

सरांनी आता आठवड्याचा एक तास यासाठी ठेवलाय. मतदार याद्यांचं काम आलं की पहिला तोच तास जातो.